एक विरोध

“डॉक्टर नाही, ड्रेसर.”

कोणी ‘डॉक्टरसाहेब’ म्हणून हाक मारली की एवढं बोलल्याशिवाय ते ओ देत नसत. हाक मारणारा घाईत असो, त्याची म्हैस अडलेली असो, आधी ही दुरुस्ती आणि मग पुढचं काम. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं जखमा धुतल्या, अळ्या काढल्या, पट्ट्या बांधल्या, लसीच्या वेळी बैलांची शिंगं धरली. खेड्यापाड्यांतले लोक त्यांना डॉक्टरच समजत, आणि खरं सांगायचं तर डॉक्टरपेक्षा जास्त मानत. पण तो मान त्यांना आपला वाटत नसे. स्वतःचं कौतुकसुद्धा तपासून घेणारा असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. आम्ही त्यांना ड्रेसरकाका म्हणायचो.

रिसोडमधली आमची बिल्डिंग तीन मजल्यांची, बारा फ्लॅटची. राहणारे सगळे आसपासच्या खेड्यांतून पोरांच्या शाळेसाठी आलेले. मी मूळचा मंगरूळपीरकडच्या आसेगावचा. इथे माझं कृषी केंद्र आहे, बियाणं आणि फवारणीची औषधं विकतो. शेतकऱ्यांचे अर्ज भरून देऊन देऊन अक्षर बरं झालं, म्हणून सोसायटीचा सचिवही झालो. अक्षर बरं असलेल्या माणसाच्या गळ्यात लोक काय काय बांधतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

काका दुसऱ्या मजल्यावर, माझ्या समोरच्या दारात. अंगाला कायम अळ्या काढायच्या टर्पेंटाईनचा वास, निवृत्तीनंतरही तो गेला नव्हता. कुठलंही जनावर दिसलं की ते आधी थांबत, उलटी मूठ पुढे धरत आणि नुसते उभे राहत. बैल असो, शेळी असो, नाक्यावरचं खरूज लागलेलं कुत्रं असो. जनावर आपणहून येऊन मूठ हुंगेपर्यंत ते हलत नसत. मी एकदा विचारलं, सरळ हात का नाही फिरवत?

“उघडा पंजा माराचाबी असू शकते भाऊ. त्याले काय माहीत तुमी कोन हा? आधी त्याले पाहू द्या.”

त्यांच्या खिशात एक लांबोडकी डायरी असायची. नोकरीत असताना प्रत्येक जनावराचं वर्णन त्यांनी त्यात टिपलेलं. सरकारी रजिस्टरात रंग, शिंगं, शेपटीचा गोंडा एवढंच लागे. यांनी आपल्या डायरीत एक रकाना जास्तीचा आखला होता, स्वभाव. ‘तांबडी गाय. डाव्या कानाला चीर. स्वभाव : डावीकडून जाऊ नये.’ ‘काळा गोऱ्हा. स्वभाव : छत्रीला भितो.’ ‘म्हैस, शिंग मोडलेलं. स्वभाव : मालकीण बोलत राहिली तर उभी राहते.’ मी हसायचो. ते म्हणायचे, “पाह्यलं थे लिहा. ऐकलं थे नाही, वाटलं थे नाही. पाह्यलं थे.”

फ्लॅट घ्यायचा हट्ट काकूंचा. बत्तीस वर्षं नवऱ्याच्या कपड्यांतून अळ्यांचं औषध धुतल्यावर त्यांना शेणाचा वास येणार नाही असं घर हवं होतं. ते मिळालं आणि वर्षाच्या आत त्या गेल्या. मुलगा पुण्यात. त्यांच्या बैठकीत एक छोटी बुद्धमूर्ती, काकूंचा फोटो आणि दोन खुर्च्या होत्या. दुसऱ्या खुर्चीवर ते कधी कोणाला बसवत नसत असं नाही, पण बसणारंच कोणी येत नसे. मी समोर राहत होतो. मीही रोज जात नव्हतो.

मग चिमणी आली.

चिमणी म्हणजे रॉटवायलर जातीची कुत्री. काळीभोर, भुवयांवर दोन तांबडे ठिपके, डोकं पाटीएवढं. एका डाळमिलवाल्याने राखणीला बांधून ठेवलेली. साखळी मानेत रुतून जखम झाली, म्हणून त्याने काकांना बोलावलं. काका सात दिवस जाऊन पट्टी बदलत होते. आठव्या दिवशी गेले तर मिलला कुलूप, मालक बस्तान हलवून अकोल्याला गेलेला, आणि आत कुत्री तशीच बांधलेली. वॉचमनला सांगून त्यांनी तिला सोडवून आणलं. पहिले काही दिवस ती चिमणीएवढंच खायची, म्हणून नाव चिमणी. पुढे ती परातभर भाकरी खायला लागली, नाव तेच राहिलं. पाहुण्यांना काका म्हणत, “बसा, चिमणीले घाबरू नका,” आणि पाहुणे वर पंख्याकडे बघत असताना ही आतून यायची.

चार वर्षं ती आमच्यात होती. काका तिला पेपर वाचून दाखवत, बाजारभावासकट. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींचं बाळ रांगायला लागलं, तेव्हा त्यांना जरा धास्ती वाटली. काकांनी कोणी सांगायच्या आत सुतळीचं मुसकं विणलं. डवरणीच्या, म्हणजे कोळपणीच्या वेळी बैलानं पिकाला तोंड लावू नये म्हणून बांधतात तसंच, फक्त लहान. जिन्यातून जाताना चिमणी ते बांधून घ्यायला स्वतःच मान पुढे करायची. बिचारीचा एक मागचा पाय अधू होता, त्यामुळे तिला उतरायला वहिनींच्या सासूबाईंपेक्षा जास्त वेळ लागायचा.

आणि मग तो व्हिडिओ आला. तुम्हीही पाहिला असेल, असे व्हिडिओ सगळ्यांकडे येतात. कुठल्या तरी लांबच्या शहरात लिफ्टमध्ये एक काळं कुत्रं पोरावर धावून जातं. आमच्या ग्रुपवर तो दिवसभरात पाच जणांनी टाकला. अध्यक्षांचा एक भाचा मोठ्या शहरात राहतो. त्याने त्याच्या सोसायटीची नियमावली पाठवली. अध्यक्ष माझ्या दुकानात येऊन म्हणाले, “हेच उतरवून घ्या. तयार माल हाय.”

मी उतरवून घेतलं. धोकादायक कुत्र्यांच्या बावीस जाती. त्यातला कुत्रा असल्यास महिनाभरात हलवावा. बाकीच्यांनी फॉर्म भरून नोंद करावी. कलम तीन लिफ्टमधल्या वागणुकीबद्दल होतं, कलम सात पोहण्याच्या तलावाबद्दल. आमच्याकडे लिफ्ट नाही. उन्हाळ्यात नळाला चार-चार दिवस पाणी नाही. पण मी सगळं सुवाच्य अक्षरात उतरवलं.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून मीटिंग झाली. मी यादी वाचायला लागलो आणि तिसऱ्या नावालाच अडखळलो. काका मागे उभे होते.

“भाऊ, यातले किती कुत्रे तुमी पाह्यले?”

“असतील दोन-तीन,” मी म्हणालो.

“अन् अध्यक्षसाहेब, तुमी?”

“टीव्हीवर पाह्यले न. डॉक्टरसाहेब, हे काही तुमच्यासाठी नाही. नियम साऱ्याईसाठी असते.”

“डॉक्टर नाही, ड्रेसर. नियम कराले मी नाही म्हनत नाही. कुत्रं कोनतंबी असो, जिन्यात दोरी पाह्यजे, मुसकं पाह्यजे, लशीचं कार्ड पाह्यजे. कोनाले चावलं तं मालकासकट बाहेर काढा. गावठी असलं तरी काढा. पन नाव पाहून काहून काढता? बत्तीस वर्सांत मले जेवढे कुत्रे चावले, त्यातलं एकबी तुमच्या यादीत नाही.”

लोक हसले. वहिनी बाळाला कडेवर घेऊन उभ्या होत्या, त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “काका, चिमणीनं कधी काही केलं नाही. पन त्या व्हिडिओतलं कुत्रंबी असंच काळं होतं. मले रात्री झोप येत नाही.”

काका त्यांच्याकडे वळले. “तुमची भीती खोटी नाही, बाई,” ते म्हणाले. “माही चिमणीबी खोटी नाही. तिनं काय केलं थे पाहा न. चार वर्सं पाह्यलं न तुमी.”

ठरावाच्या बाजूने हात वर झाले, विरोधात एकट्या काकांचा. माझा कुठेच झाला नाही, कारण मी लिहीत होतो. पुढे कित्येकदा मी स्वतःला हेच सांगितलं, की मी लिहीत होतो. लिहिणाऱ्याला दुसरा हात असतो.

ठराव लिहून झाल्यावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या. रजिस्टर काकांपुढे आलं. त्यांनी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे मी लिहिलं होतं, ‘सर्वानुमते मंजूर.’

“सर्वानुमते? मी तं नाही म्हटलं.”

“काका, तशी पद्धत असते. सगळ्या ठरावांखाली तसंच लिहितात.”

हे अगदी खरं होतं. आमच्याकडे गणपतीच्या वर्गणीपासून ग्रामपंचायतीच्या ठरावापर्यंत सगळं सर्वानुमतेच मंजूर होतं. भांडणं होतात, खुर्च्या उडतात, लोक उठून जातात, आणि खाली सर्वानुमते लिहिलेलं असतं. मी दुसरं काही लिहिलेलं माझ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं.

“पाह्यलं थे लिहा न, भाऊ,” ते हळूच म्हणाले. “एक विरोध. दोनच शब्द हायेत.”

मी म्हणालो, आता जागा उरली नाही, खाली सह्या झाल्या. त्यांनी मान हलवली, सही केली नाही, आणि जिना चढून गेले. चिमणी दाराशी उभी असणार, तिचं शेपटी आपटणं खालपर्यंत ऐकू आलं.

आता आमची बिल्डिंग वाईट माणसांची आहे असं कृपा करून समजू नका. कोणालाच ते दोघे जायला नको होते. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष स्वतः फॉर्म घेऊन काकांकडे गेले आणि समजावलं, की जातीच्या रकान्यात ‘गावठी’ लिहा, विषय संपला. कोण तपासायला येतं? वहिनीही म्हणाल्या, कागदावर गावठी असलं तर घरच्यांना सांगता येईल. सगळ्यांची सोय होत होती. फॉर्म तीन आठवडे कोराच राहिला. शेवटी अध्यक्षांनी मला पाठवलं.

काका गॅलरीत बसून चिमणीच्या अधू पायाला तेल चोळत होते. मी सरळ म्हटलं, “लिहून टाका न काका. एक शब्द तं हाय.”

ते आत जाऊन चहा घेऊन आले. मला दुसऱ्या खुर्चीवर बसवलं.

“मी नोकरीले लागलो तवा सव्वीस वर्साचा होतो,” ते म्हणाले. “त्या गावात मले खोली भेटेना. मंग एका ठिकानी नुसतं नाव सांगलं. आडनाव सांगलंच नाही. घरमालकीन मायेची होती. सकाळी चहा पाठवे, सनाले पुरनपोळी. सहा महिने राह्यलो. पन दाराची कडी वाजली का छातीत धस्स व्हाये. पोस्टमन दिसला का मी तिच्या आधी फाटकाजवळ. थे हसून बोलली तरी मले वाटे, हे हसनं माह्यासाठी नाही, त्या दुसऱ्याच कोनासाठी हाय.”

“मंग?”

“मंग मीच सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशीबी चहा आला. पन कप येगळा आला. मी खोली सोडली.”

मी हातातल्या कपाकडे पाहिलं. आमच्या आसेगावच्या घरी गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात असाच एक वेगळा कप असायचा, कान तुटलेला. कामावर येणाऱ्या माणसांसाठी. मी लहानपणी त्यात चहा ओतून दिलेला आहे. हे मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

“मानसाची अन् कुत्र्याची बरोबरी नाही करून राह्यलो,” ते म्हणाले. “तसं कोनी केलं तं मी भांडीन. मी फक्त कडीचं सांगून राह्यलो. चिमणीले काय, थे पाय पसरून झोपन. कडी वाजली का दचकाचं मले हाय. अन् गावठी लिहिलं का तुमचा नियम खरा झाला, भाऊ. मंग थे चांगली हाय म्हनून नाही राह्यली. थे दुसरीच कोनी हाय म्हनून राह्यली.”

मी म्हटलं, वकिलाला विचारू, असा नियम कदाचित टिकणारही नाही. ते म्हणाले, “अन् मंग? साऱ्याईवर केस करून त्याच जिन्यानं चढाचं?”

त्यांनी फॉर्म भरून माझ्या हातात दिला. अजून माझ्याकडे आहे. ‘रॉटवायलर. मादी. वय अंदाजे नऊ. मानेभोवती साखळीचा जुना वण. मागचा उजवा पाय अधू.’ स्वभावाचा रकाना छापलेला नव्हता. त्यांनी पट्टीने आखून घेतला होता. ‘स्वभाव : बोलावल्याशिवाय जवळ येत नाही.’

महिना संपायच्या दोन दिवस आधी ते रिठदला गेले. तिथे वडिलांची दोन खोल्यांची जागा होती, शेजारी पुतण्या. मालवाहू ऑटोत एक पलंग, दोन खुर्च्या, काकूंचा फोटो पेपरात गुंडाळलेला. पलंगाचं एक टोक मी धरलं होतं. चिमणीने खाली उतरताना सवयीने मान पुढे केली. काकांनी मुसकं बांधलं, जिना उतरल्यावर सोडलं, आणि परत वर जाऊन वहिनींच्या दाराच्या कडीला अडकवून ठेवलं. रागानं नव्हे. त्यांना वाटलं, आता लागणार नाही, इथे कोणाला उपयोगी पडेल.

रिठद आमच्यापासून जवळ. जीपने गेलं तर चहा प्यायला जाऊन यावं इतकं. मी सात-आठ महिन्यांत दोनदा गेलो. दुसऱ्या वेळी ते अंगणात बसून चिमणीला पेपर वाचून दाखवत होते, पेपर तीन दिवस जुना होता. काका वाळले होते. रस्त्याने जाणाऱ्या एकाने हाक मारली, “काय डॉक्टरसाहेब!” त्यांनी मान वर केली, ओठ हलवले, आणि नुसता हात केला. दुरुस्ती केली नाही. परत येताना जीपमध्ये मला त्याचंच वाईट वाटत राहिलं.

थंडीत पुतण्याचा फोन आला, काका गेले. मी दुकानाच्या कामाने बाहेरगावी होतो, पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. मुलगा पुण्याहून आलेला, भला माणूस, डोळे सुजलेले. तिसऱ्या दिवशी चिमणीचा विषय निघाला. तो म्हणाला, “मी नेली असती हो. आमच्या सोसायटीतही यादी आहे.” पुतण्याच्या घरात लहान लेकरं. तो म्हणाला शेतात बांधून ठेवतो, भाकर टाकत जाईन. साखळीही त्याने आणून ठेवली होती.

चिमणी त्या दुसऱ्या खुर्चीखाली बसून होती. दोन दिवस अन्नाला शिवली नव्हती. मी तिच्यापासून चार हातांवर उकिडवा बसलो आणि उलटी मूठ पुढे धरली. मला वाटलं होतं, ती ओळखीची आहे, लगेच येईल. पाय भरून आले, मुंग्या आल्या, मी तसाच बसून राहिलो. बऱ्याच वेळाने ती उठली, लंगडत आली, आणि माझ्या बोटांवर नाक टेकवलं. त्यावेळी मला रडू आलं. पुतण्या शेजारी उभा होता, तरी आलं.

मी तिला रिसोडला आणली. माझ्या बायकोने परात काढली. संध्याकाळी अध्यक्ष कोरा फॉर्म घेऊन आले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “तुमी तरी समजदारी करा.”

मी टेबलाशी बसलो. आधी रजिस्टर काढलं. त्या ठरावातला ‘सर्वानुमते’ खोडला आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, ‘एक विरोध’. जागा होती. सरळ दोन शब्द मावतील एवढी जागा होती, तेव्हाही असणार. मग त्याच पेनाने फॉर्म पुढे ओढला. काकांचा भरलेला फॉर्म शेजारीच होता. चिमणी पायाशी झोपली होती, म्हातारी, तिला आता कुठे पाठवणार, असं मी मनाला सांगितलं. आणि जातीच्या रकान्यात लिहिलं, गावठी.

समोरच्या फ्लॅटमध्ये आता एक नवीन कुटुंब राहायला आलं आहे. त्यांनी विचारलं, “कुत्रं कोनतं हो हे?” मी म्हटलं, “गावठी.” ते हसले, चिमणीच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या दिवसापासून सगळं सुरळीत आहे. फक्त आमची बेल वाजली, की चिमणी एक कान हलवते आणि पाय पसरून झोपून जाते. दचकतो तो मी.